बीए झालं, बीएस्सी झालं. आता क्रीडाविज्ञानात पुढे कुठे?

बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेस 8 मिनिटं 11.20 सेकंदांत पळून रौप्यपदक घेतलं. या शर्यतीत 28 अडथळे असतात आणि पाण्यावरून 7 उड्या. शेवटच्या फेरीतही गुडघा वर उचलला जावा म्हणून या पातळीच्या खेळाडूंमागे बरीच माणसं राबत असतात. कोणी बोटातून रक्ताचा थेंब घेऊन लॅक्टेट (जोरात पळताना रक्तात वाढणारा पदार्थ) मोजतं, कोणी ताकदीच्या व्यायामाचं वेळापत्रक आखतं, कोणी ताटात काय असावं ते ठरवतं, कोणी दुखरी पोटरी सांभाळतं. मराठवाड्यात खेळाडू तयार होतात हे आता कोणाला पटवून द्यावं लागत नाही. त्यांच्यामागे राबणारी ही माणसं मात्र आपल्याकडे शोधूनही सापडत नाहीत. त्यांच्यात जायचं असेल तर पदवीनंतर काय करायचं, ते इथे क्रमाने सांगतो.

आधी दोन घरं वेगळी करा

शारीरिक शिक्षण हे एक घर आणि क्रीडाविज्ञान हे दुसरं. गल्लोगल्ली ही दोन्ही एकच समजली जातात आणि त्यातच पोरांची दोन-दोन वर्षं जातात.

पहिल्या घरात बीपीएड आणि एमपीएड, म्हणजे शारीरिक शिक्षणातली पदवी आणि पदव्युत्तर पदवी. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या म्हणजे एनसीटीईच्या नियमांखाली चालणारे, प्रत्येकी दोन वर्षांचे हे कोर्स. हेतू शिक्षक घडवण्याचा. दुसऱ्या घरात एमएस्सी एक्सरसाइज फिजिऑलॉजी (व्यायामात शरीर आतून कसं चालतं), बायोमेकॅनिक्स (हालचालींतलं बल आणि वेग), स्पोर्ट्स न्यूट्रिशन, एमए स्पोर्ट्स सायकॉलॉजी असे कोर्स. हेतू शरीर मोजण्याचा आणि मोजमापावरून निर्णय घेण्याचा. एमपीएडला शरीरक्रियाशास्त्राचा पेपर असतो, पण तेवढ्यावर कोणी फिजिऑलॉजिस्ट म्हणून घेत नाही. उलट बाजूने पाहिलं तर नुसत्या क्रीडाविज्ञानाच्या एमएस्सीवर शाळेत पीटीचे सर होता येत नाही, तिथे बीपीएडच लागतं. नोकरीच्या जाहिरातीत पात्रतेची ओळ असते, ती वाचूनच घर निवडा.

पहिली पायरी: काम ठरवा

कोर्सची यादी नंतर. आधी स्वतःला विचारा, दहा वर्षांनी दिवस कुठे घालवायचा आहे?

वर्गात आणि कॉलेजच्या मैदानावर असेल, तर एमपीएड आणि त्यावर प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, म्हणजे नेट किंवा सेट. कॉलेजच्या क्रीडा संचालकाच्या जागेसाठी यूजीसीच्या म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांप्रमाणे पदव्युत्तर पदवीला 55 टक्के, नेट-सेट, आंतरमहाविद्यालयीन, आंतरविद्यापीठ किंवा वरच्या स्पर्धेत खेळल्याची नोंद आणि शारीरिक क्षमतेची चाचणी, एवढं सगळं लागतं. चाचणी काय? तिशीच्या आतल्या पुरुषांना 12 मिनिटांत 1800 मीटर, महिलांना 8 मिनिटांत 1000 मीटर. चाळिशीपर्यंत हेच अंतर 1500 आणि 800 होतं. खेळणाऱ्या मुलाला हे हसू येण्यासारखं वाटेल, पण जागा निघायला वर्षं लागतात आणि तोवर पोट सुटलेलं असतं.

इथे एक कडू गोष्ट सांगितलीच पाहिजे. अनुदानित कॉलेजांतल्या जागा कमी निघतात. एमपीएड, सेट झालेले कितीतरी जण तासिका तत्त्वावर ताटकळत आहेत. म्हणून फक्त प्राध्यापकीच्या आशेवर एमपीएडला जाऊ नका. सोबत दुसरं एखादं कौशल्य हातात असू द्या.

एखाद्या खेळाचा प्रशिक्षक व्हायचं असेल तर एमपीएडपेक्षा पटियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, म्हणजे आपल्याकडे ज्याला सगळे नुसतं 'एनआयएस' म्हणतात तो कोचिंगचा डिप्लोमा जास्त चालतो. क्रीडा मार्गदर्शकाच्या जाहिरातीत हेच नाव पुन्हा पुन्हा दिसतं. संस्था 1961 ची, भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या म्हणजे साईच्या ताब्यातली. तिथे एमएस्सी स्पोर्ट्स कोचिंगही आहे.

मोजमाप, चाचण्या, आकडे यांत जीव रमत असेल तर एमएस्सी. आणि दुखापतीवर हात ठेवायचा असेल तर तो आरोग्यशास्त्राचा प्रांत आहे. तिथे बीपीटी ही फिजिओथेरपीची पदवी आणि त्यानंतर एमपीटी किंवा एमबीबीएसनंतर स्पोर्ट्स मेडिसिन. एमपीएड किंवा क्रीडाविज्ञानाची एमएस्सी करून कोणाच्या गुडघ्यावर 'उपचार' करू लागलात तर ते बेकायदा आणि त्याहून धोक्याचं. फिजिओथेरपी आता 2021 च्या केंद्रीय कायद्याखाली नियमित केलेला व्यवसाय आहे.

दुसरी पायरी: हातातली पदवी कोणतं दार उघडते

बीए, बीकॉम झालेल्यांना थेट एमपीएड मिळत नाही. आधी बीपीएड. त्यासाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते, साधारण 50 टक्के गुण आणि स्पर्धेत भाग घेतल्याचा पुरावा लागतो. मोठ्या स्पर्धा खेळलेल्यांना 45 टक्क्यांपर्यंत सूट आहे. म्हणजे बीए ते एमपीएड हा एकूण चार वर्षांचा प्रवास, घरी आधीच सांगून ठेवा. मानसशास्त्र घेऊन बीए केलं असेल तर मात्र तडक बीपीएडकडे पळू नका. स्पोर्ट्स सायकॉलॉजीचं दार तुम्हाला जवळचं आहे आणि या विषयात मराठी बोलणारी माणसं फार कमी आहेत. बीडच्या मुलीला शर्यतीआधी पोटात गोळा येतो, तो तिला इंग्रजीत सांगता येत नाही.

बीएस्सीवाल्यांनी, विशेषतः प्राणिशास्त्र, जीवरसायनशास्त्र किंवा पोषणशास्त्र घेतलेल्यांनी एक्सरसाइज फिजिऑलॉजी आणि न्यूट्रिशनच्या कोर्सची पात्रता नीट वाचावी. काही ठिकाणी जीवशास्त्रातली पदवी चालते, काही ठिकाणी बीपीएड किंवा बीपीईएस ही शारीरिक शिक्षणातलीच पदवी मागतात. भौतिकशास्त्र आणि गणितवाल्यांना बायोमेकॅनिक्स शिकताना अर्धी लढाई जिंकल्यासारखी असते. बल, वेग, कोन ही त्यांची रोजची भाषा.

आहाराकडे ओढा असेल तर घराजवळच बघा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या सामुदायिक विज्ञान महाविद्यालयात अन्न व पोषण विषयात पदव्युत्तर शिक्षण आहे. नावात 'स्पोर्ट्स' नाही म्हणून कोणी तिकडे वळत नाही. पण पोषणाचा पाया तिथे पक्का करून प्रबंधाचा विषय खेळाडूंचा घेता येतो. माझ्या मते झगमगीत नावाच्या महागड्या कोर्सपेक्षा हा रस्ता बरा.

तिसरी पायरी: कुठे जायचं

मराठवाड्यातली नेहमीची कॉलेजं दोन विद्यापीठांत वाटली आहेत. संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव ही डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली ही 1994 ला झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाकडे. शारीरिक शिक्षणाचे कोर्स दोन्हींच्या कक्षेत मिळतात, घरचा डबा आणि एसटीचा पास यांवर ते होतात. संभाजीनगरला साईचं केंद्रही आहे. तुमचं शिक्षण कुठेही चालू असलं तरी तिथलं काम एकदा जवळून बघा. खेळाडूची चाचणी कशी घेतात ते पुस्तकात कळत नाही.

राज्यात अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. 1914 ला सुरू झालेली ही संस्था, तिचं पथक 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आलं. हिंगोली-नांदेडकडच्यांना पुण्यापेक्षा अमरावती जवळ पडतं. पुण्यात महाराष्ट्रीय मंडळाचं चंद्रशेखर आगाशे महाविद्यालय 1977 पासून शारीरिक शिक्षणाचं काम करतंय, संशोधनाकडे कल असलेल्यांनी त्याचा विचार करावा. बालेवाडीला आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ आहे, त्याचा कायदा 2020 चा. (हे विद्यापीठ आधी संभाजीनगरला, करोडीला व्हायचं म्हणून किती गाजलं होतं ते आठवत असेल. असो.) नवं विद्यापीठ आहे, तेव्हा कोणते पदव्युत्तर कोर्स प्रत्यक्ष सुरू आहेत आणि शिकवायला कायम शिक्षक किती, हे विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

राज्याबाहेर जायची तयारी असेल तर आपल्याला एक चांगली सोय आहे: नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्सप्रेस. परभणी, जालना, संभाजीनगरला थांबत ती ग्वाल्हेरला जाते. तिथे लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था, म्हणजे एलएनआयपीई. 1857 च्या लढ्याच्या शताब्दीला, 1957 मध्ये ती सुरू झाली, आज अभिमत विद्यापीठ आहे. एमपीएडसोबत एक्सरसाइज फिजिऑलॉजी, बायोमेकॅनिक्स असे शुद्ध विज्ञानाचे पदव्युत्तर विषय तिथे आहेत. तीच गाडी पुढे अंबाल्याला सोडते, तिथून पटियाळा बसने. आणि शेवटच्या स्टेशनावर, अमृतसरला, गुरू नानक देव विद्यापीठात केंद्रीय क्रीडा मंत्रालयाच्या मदतीने उभा राहिलेला क्रीडाविज्ञान व वैद्यक विभाग आहे. एका गाडीवर तीन ठिकाणं. प्रवेश परीक्षेला जाताना तिकीट मात्र वेळेत काढा, ही गाडी गुरुद्वाऱ्याच्या भाविकांनी कायम भरलेली असते.

दक्षिणेत चेन्नईला तमिळनाडू शारीरिक शिक्षण व क्रीडा विद्यापीठ आहे. ईशान्येला इंफाळचं राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ 2018 च्या कायद्याने झालं, तिथे स्पोर्ट्स कोचिंग आणि स्पोर्ट्स सायकॉलॉजी पदव्युत्तर पातळीवर आहेत. अंतर मोठं, पण केंद्रीय संस्था असल्याने एकदा फी बघून घ्या. मणिपाल, चेन्नईचं श्री रामचंद्र, पुण्याचं सिम्बायोसिस या खासगी ठिकाणी यंत्रसामग्री चांगली आणि फी तशीच. खासगी कोर्सला जाण्याआधी तिथून बाहेर पडलेल्या दोन मुलांशी बोला. संस्थेच्या ऑफिसने दिलेले नंबर नकोत, स्वतः शोधा.

फिजिओवाल्यांना फार दूर जावं लागत नाही, संभाजीनगर आणि लातूरला फिजिओथेरपीची कॉलेजं आहेत. एमपीटीचा खेळाशी जुळणारा विषय विद्यापीठानुसार 'स्पोर्ट्स' किंवा 'मस्क्युलोस्केलेटल' अशा नावाखाली असतो.

चौथी पायरी: प्रवेश परीक्षा, आणि पळणं

राज्यातल्या बीपीएड-एमपीएडसाठी राज्य सीईटी कक्षाची परीक्षा असते: संगणकावर एक पेपर आणि मैदानी चाचणी. बहुतेक मुलं एका बाजूलाच मार खातात. खेळाडू पेपर उघडून बघत नाहीत आणि अभ्यासू पोरं मैदानावर धापा टाकतात. फॉर्म साधारण हिवाळ्यात सुरू होतात, पदवीच्या शेवटच्या सत्राच्या गडबडीत तारीख निघून जाते. सीईटी कक्षाचं संकेतस्थळ दर आठवड्याला उघडायची सवय लावा.

मैदानी तयारीसोबत विज्ञानही शिकता येतं. वर ज्या 12 मिनिटांच्या चाचणीचा उल्लेख आला, ती पद्धत अमेरिकन हवाई दलाचे डॉक्टर केनेथ कूपर यांनी 1968 मध्ये मांडली. 400 मीटरच्या ट्रॅकवर 12 मिनिटं पळायचं, अंतर मोजायचं. मीटरमधल्या अंतरातून 504.9 वजा करा आणि 44.73 ने भागा. येतो तो तुमचा व्हीओटू मॅक्सचा अंदाज, म्हणजे शरीराच्या दर किलोमागे दर मिनिटाला किती मिलिलिटर ऑक्सिजन वापरला जातो. 6 फेऱ्या म्हणजे 2400 मीटर पळालात तर उत्तर 42.4 च्या आसपास. यूजीसीच्या चाचणीतले 1800 मीटर म्हणजे साडेचार फेऱ्या, उत्तर जेमतेम 29. कागद-पेन्सिलीवर हे एकदा करून बघा. हे गणित करताना मजा आली तर एमएस्सीच्या घरात तुमचं जमेल. 'हे कशाला?' असं वाटलं तर दुसरं घर बरं.

त्याच गणितात एक मेखही आहे. हा अंदाज थंड सकाळी काढला आणि एप्रिलच्या उन्हात चार वाजता काढला, तर एकाच मुलाचे दोन आकडे येतील. शरीर तेच, पण उन्हात रक्ताचा बराच वाटा कातडी थंड ठेवायला जातो, पायांना कमी मिळतं. चाचणीच्या कागदावर वेळ आणि तापमान लिहायला विसरणाऱ्याला कोणतीही चांगली प्रयोगशाळा ठेवत नाही.

बाहेरच्या संस्थांच्या परीक्षा वेगळ्या आणि प्रश्न बहुधा इंग्रजी-हिंदीत. नेटचंही तसंच. मराठी माध्यमातून आलेल्यांनी अकरावी-बारावीची जीवशास्त्राची इंग्रजी पाठ्यपुस्तकं काढावीत आणि श्वसन, रक्ताभिसरण, स्नायू, मज्जासंस्था हे धडे सावकाश वाचावेत. एवढ्यावरही पहिलं सत्र निभावतं.

पाचवी पायरी: कागदपत्रं

पदवीच्या गुणपत्रिका, टीसी, मायग्रेशन, डोमिसाईल, जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला हे सगळ्यांना माहीत असतं. या क्षेत्रात खरी अडचण येते ती खेळाच्या प्रमाणपत्राची. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचं प्रमाणपत्र घ्यायला कोणी जात नाही, मग तीन वर्षांनी कॉलेजचे सर बदललेले आणि रजिस्टर कपाटात. जिंकला नसाल तरी सहभागाचं प्रमाणपत्र घ्या, त्यावर स्पर्धेची पातळी, वर्ष आणि सही-शिक्का नीट आहे का बघा. विद्यापीठाकडून खेळून कलर होल्डर झाला असाल तर त्या कागदाला लॅमिनेशन करू नका, पडताळणीत अडचण होते. स्कॅन करून ठेवा.

सहावी पायरी: पैसे

राज्यातल्या कोर्ससाठी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती, वसतिगृह निर्वाह भत्ता अशा योजना आहेत. तुमचा कोर्स त्या यादीत आहे का, हे कॉलेजच्या क्लार्कला प्रवेशाआधी विचारा. राज्याबाहेर जाणाऱ्यांनी समाजकल्याण कार्यालयात आधी चौकशी करावी, नंतर केलेल्या अर्जांचे हाल होतात. परदेशी एमएस्सीसाठी अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. ब्रिटनमध्ये ही पदवी बहुधा एका वर्षात होते, म्हणून खर्चाचा हिशेब वाटतो तितका भयानक नसतो. पण शेत विकून जाऊ नका. इथल्या नोकरीच्या पगारात तो पैसा परत उभा राहत नाही.

आणखी एक: बीपीएड, एमपीएड 'घरबसल्या' देतो म्हणणाऱ्या एजंटापासून लांब राहा. हे मैदानावर रोज हजर राहून करायचे कोर्स आहेत. कॉलेजला एनसीटीईची मान्यता आणि विद्यापीठाची संलग्नता दोन्ही आहेत का, तपासा.

सातवी पायरी: दोन वर्षांत काय करायचं

प्रबंधाचा विषय गुगलवरून उचलू नका. मराठवाड्यात विषय पायाशी पडले आहेत. बीडमधून दरवर्षी हजारो कुटुंबं ऊसतोडीला जातात. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या माणसाच्या हृदयाचे ठोके मिनिटाला किती होतात आणि खाली उतरल्यावर किती वेळात शांत होतात, छातीच्या पट्ट्याने मोजता येतं. धावणाऱ्या मुलींचं हिमोग्लोबिन हा दुसरा विषय. 12 ग्रॅमच्या खाली गेलं की तो रक्तक्षय, आणि कोच तिला 'आळशी' म्हणत असतो. धाराशिवच्या सारिका काळेला 2020 मध्ये खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला. पण खो-खोतल्या खांब वळण्याचा गुडघ्यावर किती भार येतो, हे मराठवाड्यातल्याच मुलीने मोजलं तर? नांदेडची भाग्यश्री जाधव 2024 च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये भारताची ध्वजवाहक होती; पॅरा खेळाडूंच्या वर्गीकरणाचं आणि प्रशिक्षणाचं काम करणारी माणसं फारच थोडी आहेत.

माणसांवर मोजमाप करायचं तर संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी आणि समोरच्याची लेखी संमती लागते, ती मराठीत लिहून वाचून दाखवा. सोबत एक्सेल आणि सांख्यिकीचं एखादं सॉफ्टवेअर पक्कं करा. आकडे गोळा करणारे भरपूर भेटतात, त्यांचा अर्थ लावणारे हवे असतात.

नोकरीचं काय

साईत आणि खेलो इंडियाच्या केंद्रांत फिजिऑलॉजिस्ट, स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंग, न्यूट्रिशन, बायोमेकॅनिक्स अशा पदांच्या जाहिराती निघतात, बऱ्याच कंत्राटी. खासगी अकादम्या, फ्रँचायझी संघ, मोठ्या शहरांतली स्पोर्ट्स क्लिनिक हा दुसरा बाजार. शाळेतली भरती पवित्र पोर्टलवरून.

आणि आपल्या दाराशी असलेला एक बाजार कोणी मोजत नाही: पोलीस भरतीच्या अकादम्या. लातूर, नांदेड, बीड, कुठेही पहाटे पाचला रस्त्यावर जा, 1600 मीटरची तयारी करणारी पोरं आणि 800 मीटरची तयारी करणाऱ्या पोरी डांबरी रस्त्यावर पळताना दिसतात. पंधरा दिवसांत अंतर दुप्पट, पायात झिजलेले बूट, मग नडगी दुखते, मग बाम चोळून पुन्हा पळणं. आठवड्याला अंतर किती वाढवायचं, कोणत्या दिवशी पळायचंच नाही, गोळाफेकीला खांदा कसा तयार करायचा, हे ज्याला येतं त्याची या अकादमीवाल्यांना गरज आहे. फक्त त्यांना अजून ते माहीत नाही. एमएस्सीच्या पहिल्या उन्हाळी सुट्टीत गावाजवळच्या एखाद्या अकादमीत जा, वीस पोरांची यादी करा, दर सोमवारी त्यांचं 1600 मीटरचं टायमिंग आणि दुखण्याची जागा वहीत लिहा. दोन महिन्यांनी ती वही अकादमीच्या सरांपुढे ठेवा आणि पगाराचं बोला.